सात कोकरांची खूण

दौंडहून निमोण्याला जायला सरळ रस्ता आहे. पण सुषमा सरळ रस्त्यानं माहेरी गेली असं कधी झालं नाही. यवतला उतरायचं, भज्यांच्या गाड्यापाशी उभं राहून चढणारी-उतरणारी माणसं न्याहाळायची, मग राहूवरून भीमा ओलांडून शिरूरकडं जाणारी एसटी धरायची. दीड तासाच्या वाटेला साडेतीन तास. तिचा नवरा सतीश रेल्वेतला, मिनिटामिनिटाचा माणूस. तो म्हणायचा, "तू माहेरी जात नाहीस, चरायला जातेस." सुषमा हसायची. त्यात खोटं काय होतं? बाप मेंढरं घेऊन हिंडला, लेक कान उघडे ठेवून हिंडते. तिच्या दोन्ही कादंबऱ्या अशाच एसटीच्या फाटक्या सीटवर उगवल्या होत्या.

त्या दिवशी यवतला एक म्हातारी चढली. कंडक्टरला म्हणाली, "दोन दे. एक माजं, आन् ती म्होरं बसलीय ना हिरव्या लुगड्यातली, एक तिचं."

"मग तिच्यापाशी जाऊन बसा की आजी. जागा हाय."

"न्हाई. आमचं बोलनं न्हाई."

"बोलनं न्हाई तर तिकीट कशाला काढताय?"

"बोलनं न्हाई म्हनून सून इनातिकिटाची जाईल व्हय?"

सगळी गाडी हसली. हिरव्या लुगड्यातली मात्र खिडकीबाहेरच बघत राहिली, पण तिची मान जरा मऊ झाली. सुषमानं पर्समधली वही काढली, शब्दन् शब्द उतरवला, आणि मग पेन तिथंच थांबलं.

तिच्या बापाचं, आबांचंही तिच्याशी बोलणं नव्हतं. आठ महिने झाले.

पुस्तक फाल्गुनात आलं. आबांना, म्हणजे गेणबांना, वाचता येत नव्हतं, म्हणून सुनेनं, मायानं, रोज दुपारी दहा-दहा पानं वाचून दाखवायची असं ठरलं. भिवा नावाचा मेंढपाळ, त्याची बायको, त्यांची वाट. नावं बदललेली, पण घर तेच. म्हातारा डोळे मिटून ऐकायचा, मधूनच "हां, आस्संच" म्हणायचा. एकशे बाराव्या पानावर तो उठला, पटका बांधला, आणि मेंढ्यांकडं निघून गेला. त्यानंतर सुषमा चार वेळा माहेरी येऊन गेली. तिच्यासमोर बसून आबा मायाला सांगायचे, "माये, दौंडच्या पाव्हणीला च्या दे."

कारण कुणालाच माहीत नव्हतं, आणि प्रत्येकाला माहीत होतं. भाऊ संपत म्हणायचा, कुत्रं विकलं तेव्हा आबा रडले ते छापायची काय गरज होती? माया म्हणायची, पुस्तकातली ती रागाच्या भरात भाकरी करपवणारी सून म्हणजे मीच, आन् सासऱ्यांना ते माझ्या बाजूनं लागलं. आई, कुशाबाई, एवढंच म्हणायची, "उतरंल त्यांचा राग. मेंढी रुसली तर दोन दिस, मेंढका रुसला तर दोन वर्सं."

आता पुण्याच्या प्रकाशकाचा फोन येऊन गेला होता. दुसरी आवृत्ती छापायला चालली होती, काही दुरुस्त्या असतील तर आज दुपारपर्यंत सांगा. सुषमानं मनाशी ठरवलं होतं, आबांनी एक बोट जरी ठेवलं तर ती ते पान काढून टाकेल. अख्खं प्रकरण काढेल. पण बोट तर ठेवायला हवं! एकोणऐंशी वर्षांचा माणूस. किती दिवाळ्या अशा मायामार्फत बोलत काढायच्या?

राहूला गाडी थांबली आणि पोपटराव चढला. सुषमाचा थोरला चुलतभाऊ, साठीचा, धिप्पाड. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतली शाल.

"सुशे! ह्याच गाडीला गावलीस बघ! चल, मी बी निमोण्यालाच निघालोय. कातरणी हाय ना आज?"

"पोपटदादा, तू? आमच्याकडं?" सुषमानं विचारलं. राहूची थोरली पाती, म्हणजे थोरल्या काकांचं घर, आणि निमोण्याची धाकटी पाती लग्नामयताला भेटायची; पुस्तकासाठी सुषमा स्वतः राहूला पंधरा दिवस राहिली होती; पण कातरणीला पोपटरावाच्या घरचं कुणी निमोण्याला आल्याचं तिनं पाहिलं नव्हतं.

"येनारच. तुझा सत्कार करायचाय. आमच्या गावात, माईकवर. पर आदी आबाला बोलावनं द्यायचं. तू काय काम करून ठेवलंस ते तुला तरी ठावं हाय का?"

"काय केलं मी?"

"घरी गेल्यावर सांगतो. सगळ्यांम्होरं," पोपटराव म्हणाला, आणि उरलेली वाट मांडीवरचा नारळ कुरवाळत बसला.

*

पावसाळा सरला, मेंढ्यांची अंगं वाळली, की निमोण्यात कातरणी निघते. एकेकाळी दोनशे मेंढरांना भावकीतले पंधरा जण कातर घेऊन यायचे. आता चाळीसच उरल्या होत्या. कडुलिंबाखाली जुनी घोंगडी अंथरलेली, तिच्यावर लोकरीचे काळे-तपकिरी ढीग, आणि मधोमध आबा. गुडघ्यात मेंढी आडवी धरलेली, कातर किर्रर्र-किर्रर्र चालू. हात एरवी थरथरायचे, कातर धरली की नाही. कुशाबाई बाजूला लोकर निवडत बसली होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती:

कळपात माझी मेंढी, कशी वळखू मी बाई
कानाला गं खूण तिच्या, तीच माझी सही

सुषमा घरात पिशवी ठेवून पायऱ्या उतरून अंगणात आली. आबांनी मान वर केली नाही.

"माये, दौंडच्या पाव्हणीला सांग, पायाखाली लोकर हाय."

माया भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. "वन्सं, तुमच्या पायाखाली लोकर हाय."

"ऐकलं गं. आबांना सांग, बाजूला झाले."

"आबा, बाजूला झाल्या." आणि मग हळूच, "वन्सं, आत या जरा."

चुलीपाशी मायानं तव्यावर भाकरी टाकली. सुषमा पाटावर टेकली.

"खरं सांगा, दुसऱ्या छपाईत ती करपलेली भाकरी ऱ्हानार हाय का?"

"तुला नको असली तर काढते."

मायानं भाकरी उलटली. "नगा काढू. आमच्या बचत गटातल्या बाया म्हनतात, माये, तू पुस्तकात हायस. फक्त तेवढं लिवा की, दुसरी भाकरी चांगली झाली व्हती. झालीच व्हती."

"लिहिते," सुषमा म्हणाली आणि हात वहीकडं गेला. तेवढ्यात दारातून संपतचा हात आला. त्यानं वही उचलली, सरळ ज्वारीच्या पोत्यावर ठेवली. तो रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर, आज खास सुट्टी टाकून घरी थांबलेला.

"आक्का, वही हितं ऱ्हाईल. आज पेन चालनार न्हाई. माझ्या लाईनवरची पोरं मला इचारतात, सर, तुमचे वडील खरंच कुत्र्यासाठी रडले व्हते का? युपीवाला पोरगा बी इचारतो, 'साहब, कुत्ता कौन सा था?' काय सांगू?"

"काळं होतं म्हणून सांग."

"चेष्टा नगं. आबा तुझ्याशी बोलत न्हाईत ते ह्याच्यामुळंच. माणसाचं रडनं त्याचं त्याचं असतं. जा, पाया पड, माफी माग, मिटव."

"मागितली रे चार वेळा. कशाची मागायची तेवढं सांगत नाहीत."

"अवं, तुमी कशाला मधी पडताय," माया नवऱ्याला म्हणाली, "रडले ते चांगलंच केलं. तुमच्या डोळ्यातनं तर कांदा चिरल्यावर बी पानी येत न्हाई."

संपतनं बायकोकडं बघितलं. सकाळपर्यंत ती त्याच्या बाजूला होती. एका भाकरीवर ती फुटली होती.

बाहेर पोपटरावाचा आवाज चढला. तिघंही अंगणात आली.

पोपटरावानं नारळ घोंगडीवर ठेवला, आबांच्या पायाला हात लावला, आणि उभा राहून भाषणालाच लागला.

"आबा, झालं गेलं भीमेला मिळालं. आमचा बाप मरूस्तोवर म्हनत ऱ्हायला, गेणबा येगळा निघाला ते निघाला, वर बापाची खूण टाकून दिली. घराण्याची चीर डाव्या कानाला, ह्यानं कोकरांचा उजवा कान चिरला. नऊ वर्सं भाऊ भावाशी बोलला न्हाई त्यापायी. बोललं का न्हाई काकी?"

"न्हाई बोलले," कुशाबाई म्हणाली. हातातली लोकर तशीच राहिली.

"आन् आता बघा!" पोपटरावानं काखेतून पुस्तक काढलं. खुणेला एसटीचं तिकीट घातलेलं. "पान एकशे बारा. 'भिवानं वेगळं निघतानाही कोकरांच्या डाव्याच कानाला चीर दिली.' डावा! म्हंजी आज्याची खूण! पोरीनं लिवलंय, छापलंय. आबा, तुम्ही खूण टाकलीच न्हवती. लोकांच्या डोळ्यांचा घोटाळा. एकदा राहूला या, माईकवर एवढंच म्हना, का पोरीनं लिवलं ते खरं हाय. मिटलं सगळं."

कातर थांबली.

आबांनी अर्धी कातरलेली मेंढी सोडून दिली. ती एका अंगानं उघडी, एका अंगानं लोकरी, तशीच पळाली. एरवी सगळे हसले असते.

सुषमाला आता कळलं. रडणं नव्हतं. भाकरी नव्हती. एक कान होता.

ती आबांसमोर उकिडवी बसली. "आबा, हेच होतं का? मी कान चुकीचा लिहिला? आणि तुम्हाला वाटलं, मी पोपटदादाकडं पंधरा दिवस राहून आले, वही भरून आणली, म्हणून थोरल्या पातीच्या बाजूनं लिहिलं?"

आबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. पण उठूनही गेले नाहीत.

"चुकीचा कशानं?" कुशाबाई मध्येच म्हणाली. "डावाच हाय की आपला! पोरीनं मलाच इचारलं व्हतं. मीच सांगितलं, डावा."

"आई, उजवा हाय," संपत म्हणाला.

"तू कंपनीत जा. ज्या बाईनं पंचावन्न वर्सं कान धरले तिला शिकवतोय!" कुशाबाई उठली. यंदाची नऊ कोकरं झाडाच्या बुंध्याशी बांधलेली होती, कातरणीच्याच दिवशी त्यांना खूण करायची रीत. पण तिनं कोकरू घेतलं नाही, एक जुनी मेंढी शिंगाला धरून ओढत आणली आणि आपल्यासमोर तोंड करून उभी केली. आपला डावा हात पुढं करून चिरलेला कान पकडला. "ह्यो बघ. डावा. हाय का न्हाई सुशे?"

सुषमा आईच्या शेजारीच उभी होती. पुस्तक लिहिताना ती अशीच उभी राहिली होती, खात्री करायला. "हाच. हाच बघून मी लिहिलं. डावा."

पोपटरावाच्या पोटातून हसू वर यायला लागलं.

"अगं बायांनो! मेंढीचा डावा मेंढीकडनं मोजायचा का तुमच्याकडनं? तुम्ही दोघी तिच्या तोंडाम्होरं उभ्या हाय. मेंढका मेंढरामागं चालतो. मागनं बघा, तिचा डावा त्यो आपला डावा. ह्यो कान उजवा हाय, उजवा!"

संपत मेंढीच्या मागं जाऊन उभा राहिला, हात वर करून स्वतःशीच मोजलं, आणि मान डोलावली. माया आत तव्यावर भाकरी ठेवून आली होती, तरी हलली नाही.

कुशाबाईचा हात कानावरच होता. ती मेंढीला वळसा घालून मागं गेली. सावकाश. मागं उभी राहिली. बघितलं. पुन्हा पुढं आली. पुन्हा मागं गेली. तिचं माहेर नदीकाठचं बागायतदाराचं, चार मेंढ्या दावणीला बांधलेल्या, त्यांना समोरून चारा घालायचा. मेंढरामागं चालणं तिनं लग्नानंतर शिकलं. पण कान ती कायम समोरूनच धरत आली. कळपात कुणी डावा-उजवा म्हणत नाही. "आपला" म्हणतात, आणि बोट लावतात.

"अवं," ती म्हणाली. आवाज वेगळाच होता, सुषमानं कधी न ऐकलेला. "वाटनी झाली त्या दिशी, राहूच्या नदीकाठाला. तुम्ही मला चाकू दिला आन् म्हनला, डावा कर."

आबा घोंगडीवरची लोकर चिमटीनं गोळा करत होते. "म्हनलो आसंन."

"म्हंजी तुम्हाला बापाचीच खूण पायजे व्हती."

आबा लोकरीचा गोळा वळत राहिले.

"आन् मी..." तिनं हातातला कान सोडला. "किती झाली व्हती? तुम्ही आला तवा?"

"सात."

माणसं दिसत होती, पण सुषमाला वाटलं, अंगणात फक्त हे दोघंच उभे आहेत, आणि आसपास नदीचं पाणी आहे.

"पानी आनाया गेलो व्हतो," आबा म्हणाले. कुणालाच उद्देशून नव्हे, लोकरीला सांगितल्यासारखं. "आलो तर सात कोकरांचा उजवा कान चिरलेला. हळद लावलेली, नीट, मायेनं. आन् ही बसलेली, कपाळाला बी हळद. मला म्हनली, बघा, एकानं बी आरडा केला न्हाई. आठराची व्हती. आन् तकडनं शेवंतावैनी येताना दिसली."

शेवंताबाई म्हणजे पोपटरावाची आई. पोपटरावाचं हसू विरलं.

"वैनीचं तोंड तुला ठावं हाय पोपटा, तुझी आई असली तरी. सकाळीच म्हनली व्हती सगळ्यांत, ह्या बागाईतवालीला मेंढीचं तोंड कंचं आन् शेपूट कंचं ते कळायचं न्हाई, सांच्यापारी बघा. मी चाकू घेतला हिच्या हातातनं. आठव्याचा उजवाच चिरला. नववा बी उजवा. वैनी आली, म्हनली, काय रं गेणबा, बापाची खूण टाकून दिली का? म्हनलं, व्हय. आता येगळं निघालो, खूण बी येगळी."

चुलीवरून करपल्याचा वास आला. मायानं नाक पुसलं, पण गेली नाही.

"पंचावन्न वर्सं मला येडी ठेवली?" कुशाबाई म्हणाली.

"येडी न्हाई गं."

"भावानं नऊ वर्सं तोंड बघितलं न्हाई तुमचं! ओट्यावर बसून रडायचा तुम्ही, मी बघितलंय. कुत्र्यासाठी न्हवं. आन् तोंड उघडलं न्हाई?"

"काय बोलू? बायकू चुकली म्हनू?"

"व्हय! म्हनायचं! मी काय मेले असते?"

"तवा जमलं न्हाई." आबांनी लोकरीचा गोळा खाली ठेवला. "मंग ऱ्हाऊनच गेलं."

सुषमा बापाकडं बघत राहिली. आठ महिने. त्या पुस्तकातला एक शब्द दुरुस्त करायचा तर ही सात कोकरं बाहेर काढावी लागली असती, बायकोच्या समोर, सगळ्या गावासमोर. त्यापेक्षा म्हाताऱ्यानं लेकीवर रुसून घेतलं होतं. यवतच्या त्या म्हातारीसारखं. बोलणं नाही, पण तिकीट दोघींचं.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. प्रकाशक.

"मॅडम, फाईल चाललीय प्रेसला. काही दुरुस्त्या?"

"एक शब्द आहे," सुषमा म्हणाली. "एकशे बारा पानावर. एक मिनिट धरा."

आबांनी मान वर केली. "माये, काय म्हनतोय त्यो?"

माया पदराला हात पुसत पुढं आली. आठ महिने हिकडचं तिकडं नेऊन तिचा जीव मेटाकुटीला आला होता. ती सासऱ्यासमोर उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाली.

"तुमीच इचारा की त्यांना. हितंच हायत. माजी भाकरी करपली."

आणि ती आत गेली.

अंगणात मेंढ्यांच्या रवंथाचा आवाज तेवढा येत होता. संपतनं एक पाऊल उचललं, मध्ये पडायला, आणि परत जागी ठेवलं.

आबांनी पटका सारखा केला.

"सुशे."

"काय आबा?"

"काय म्हनतोय त्यो?"

"पुस्तक परत छापायला चाललंय. डावा खोडून उजवा करायचा का विचारते. आणि हे सगळं..." ती थांबली. "हे सगळं लिहायचं का नाही ते तुम्ही सांगाल तसं. नाही म्हणालात तर नाही."

आबांनी त्या नऊ कोकरांकडं पाहिलं. मग हाताच्या आधारानं उठले, बुंध्याशी गेले, एक कोकरू उचलून आणलं. घोंगडीवर बसून गुडघ्यात धरलं, त्याची पाठ स्वतःकडं, तोंड पलीकडं. पाजळलेला छोटा चाकू बाहेर काढला. आणि दोन बोटांत कोकराचा कान धरला. डावा.

"आबा, ती आज्याची खूण हाय," पोपटराव पुटपुटला. "आमची."

"तुझा आजा माझा बाप व्हता, पोपटा."

"तसं न्हाई ओ. तुमची आन् आमची मेंढरं एका वाटंला गावली, मिसळली, तर वळखायची कशी?"

"मिसळू दे की."

पोपटरावानं हातातली शालीची पिशवी उगाच या हातातून त्या हातात केली.

"एकदा चीर दिली की कान परत जुळत न्हाई," आबा सुषमाला म्हणाले, सरळ तिच्या डोळ्यांत बघून. "मंग म्होरली कोकरं तरी तू लिवलंयस तशी करायची. सांग त्याला. लिवलंय तसंच ऱ्हाऊ दे."

"आणि सात कोकरं?"

"ते तुझ्या आईला इचार. कोकरं तिची हायत."

सुषमानं आईकडं पाहिलं. कुशाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती, डोळे भरलेले, भुवया चढलेल्या; त्यातलं कुठलं आधी बाहेर पडेल सांगता येत नव्हतं.

"आन् माझी खूण?" ती नवऱ्याला म्हणाली. "ती मोडली का आता?"

"चाळीस कानांवर हाय की तुझी. कुठं जातीय?"

"मंग सरका. सात मी केली व्हती, सात मीच करनार. दोन तुम्ही करा. आन् ह्या बारीला मी मागं बसनार."

ती खरोखर घोंगडीवर मागं जाऊन बसली. गुडघ्यात कोकरू, पाठ आपल्याकडं. वाटीतली हळद जवळ ओढली. "लिव गं सुशे. पर लिव, का एकानं बी आरडा केला न्हवता."

सुषमानं फोन कानाला लावला. "ऐकताय ना? काही दुरुस्ती नाही. आहे तसंच जाऊ द्या. फक्त पुढचं पुस्तक लवकर येईल, जरा जागा ठेवा."

पहिल्या कोकरानं मात्र चांगलाच आरडा केला. कुशाबाईनं त्याच्या कानात फुंकर घातली, हळद लावली, कपाळाचा मुका घेतला. दुसरं, तिसरं. आबा एकेक आणून देत होते आणि झालं की सोडत होते. कोकरू उड्या मारत आईकडं पळायचं, आई हुंगायची, हळदीच्या वासानं शिंकायची आणि मग पोटाशी घ्यायची. पोपटरावानं शाल उलगडली, काकीच्या मागं उभा राहिला आणि तिच्या खांद्यावर पांघरायला लागला.

"अरं, थांब! हात धुऊ दे. हळद लागंल तिला!"

"लागू दे," पोपटराव म्हणाला. "आमच्या आईच्या वतीनं हाय ती."

कुशाबाईनं क्षणभर मान खाली घातली, मग शाल घेतली. "शेवंताबाईचं खरंच म्हनायचं, मला शेपूट-तोंड कळाया पंचावन्न वर्सं लागली." आणि पुढचं कोकरू ओढलं.

संपत आत जाऊन पोत्यावरची वही घेऊन आला आणि सुषमासमोर धरली. "घे. आन् कुत्रं काळं न्हवतं. तांबडं व्हतं. एवढं तरी नीट लिव."

तिचे हात हळदीनं भरले होते, कोकरं धरून धरून. वही तिनं काखेत मारली.

सातवं झाल्यावर कुशाबाई उठली, गुडघे चोळले, आणि आपलं काम बघायला कोकराच्या समोर जाऊन उभी राहिली. डोळे बारीक केले. मान इकडून तिकडं केली.

"अवं," ती म्हणाली, "हितनं तर ह्यो उजवाच दिसतोय."

आबा असे हसले की पटका सैल झाला. आठ महिन्यांचं हसू होतं ते, आणि त्याच्या मागचंही बरंच जुनं. उरलेली दोन कोकरं त्यांनी स्वतः केली. मग काठी घेतली आणि दावं सोडलं. कातरलेल्या, हलक्या झालेल्या मेंढ्या उन्हात बाहेर पडल्या, त्यांच्या पायात नऊ पिवळे कान लुटुलुटु चालले. मायानं दारातून दोन भाकऱ्या फडक्यात बांधून सुषमाच्या हातात दिल्या. "दुसऱ्या बारीच्या हायत," ती म्हणाली. "नीट बघा."

सुषमा धावत कळपाच्या पुढं गेली, बापाचा चेहरा दिसावा म्हणून.

"सुशे!" आबांनी काठी उंचावली. "म्होरं न्हाई. मागनं ये."

ती थांबली. मेंढ्या तिच्या दोन्ही अंगांनी निघून गेल्या, धूळ खाली बसली, आणि मग ती बापाच्या शेजारी येऊन चालायला लागली.